ड्युटी लिस्ट तर तुमच्याच हातात आहे

मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयातल्या सिस्टरताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात असं:

'माझं वय ४७. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून चोवीस वर्षं झाली, गेली नऊ वर्षं या हॉस्पिटलात आहे. ११० बेड आहेत आणि सगळ्या नर्सिंग स्टाफची जबाबदारी माझ्याकडे आहे. जनरल वॉर्डात २८ पेशंट असतात, सकाळी तीन सिस्टर, रात्री एक. वर्षभरात चौदा मुली सोडून गेल्या. काही पुण्याला गेल्या, काही सरकारी भरतीत लागल्या, दोघी जर्मनीला जायला जर्मन शिकतायत. एक तर नर्सिंगच सोडून कापड दुकानात लागली. मॅनेजमेंट म्हणतं, स्टाफचं समाधान वाढवा. १२ मे ला नर्सेस डे ला केक कापला, गुलाबं दिली, बेस्ट नर्सचं सर्टिफिकेट दिलं. जिला दिलं तिनेच जूनमध्ये राजीनामा ठेवला. समाधानाचे फॉर्म भरून घेतले तर सगळ्यांनी 'समाधानी' वर खूण केली. आता साहेब म्हणतात, रुजू होतानाच मूळ सर्टिफिकेटं जमा करून घ्या आणि दोन वर्षांचा बाँड लिहून घ्या. मला ते पटत नाही, पण दुसरं काही सुचतही नाही. खरं सांगायचं तर या मुलींत आमच्यासारखा सेवाभाव राहिलेला नाही. आम्ही कधी तक्रार केली नाही. पगार वाढवणं माझ्या हातात नाही, मग माझ्या हातात आहे तरी काय?'

ताई,

तुमच्या चौदा मुलींपैकी कापड दुकानात लागलेल्या मुलीपाशी मी थांबले. पुण्याला जाणारी जास्त पगारासाठी गेली असेल, सरकारी भरतीत लागलेली पेन्शन आणि सुरक्षिततेसाठी, जर्मन शिकणाऱ्या दोघींचं तर विचारायलाच नको. पण तीन वर्षं शिकून, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन काढून, एक मुलगी साड्यांच्या घड्या घालायला जाते. दुकानात पगार काही फार जास्त नसणार. मग ती कशासाठी गेली? तुम्ही तिला विचारलंत का? पत्रात तसं काही नाही. या मुलीकडे मी शेवटी परत येणार आहे.

आधी सेवाभावाबद्दल बोलू, कारण तुमच्या पत्रातलं सगळं त्या एका शब्दावर उभं आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या जाऊबाई मिरजेत ॲडमिट होत्या. पाच रात्री मी त्यांच्याजवळ वॉर्डात होते. शेजारच्या खाटेवर अथणीकडची एक आजी होती. तिला कन्नडशिवाय काही येत नव्हतं आणि सोबतचा नातू बाहेर व्हरांड्यात झोपलेला. रात्री तीनच्या सुमारास आजी कण्हायला लागली. नाइटची मुलगी आली, असेल बावीस-तेवीसची. वाकून विचारलं, 'अज्जी, एल्ली नोवू?' कुठं दुखतंय, एवढेच दोन शब्द तिनं शिकून घेतले होते. आजीनं तिचा हात धरून पोटावर ठेवला. मुलीनं कॅथेटरची नळी बघितली, ती पायाखाली मुडपली होती. सरळ केली, उशी नीट लावली आणि आजीचा हात सुटेपर्यंत तशीच उभी राहिली. मग परत गेली. थोड्या वेळाने मी पाण्याला उठले तर ती औषधांच्या ट्रॉलीशी उभ्याने कागदातलं भडंग खात होती, डोळे सलाइनकडे. म्हटलं, 'बाळ, बसून खा की.' तर म्हणाली, 'खुर्ची कुठाय काकू? नातेवाइकांना दिली.'

ती मुलगी एव्हाना कुठं असेल मला माहीत नाही. पण तिनं नोकरी सोडली असेल तर तिच्या इन्चार्जनं 'सेवाभाव नाही' असंच म्हटलं असेल, याची मला भीती वाटते.

'आम्ही कधी तक्रार केली नाही' असं तुम्ही लिहिता. ताई, मीही एकतीस वर्षं या पेशात काढली. आपण तक्रार केली, फक्त ती चेंजिंग रूममध्ये केली, एसटीत शेजारी बसलेल्या मैत्रिणीजवळ केली, घरी भांडी आपटून केली. जिथं केली तर काही बदललं असतं तिथं मात्र केली नाही, कारण ऐकणारं कोणी नव्हतं. आजच्या मुली बोलतात, आणि बोलून उपयोग झाला नाही की जातात. त्याला सेवाभावाचा अभाव म्हणू नये असं मला वाटतं. आपल्याच भागात बघा. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरचे कोविडचे पेशंट मिरजेला आले तेव्हा त्या आजाराचं कुणालाच धड काही माहीत नव्हतं. त्या वॉर्डांत पीपीई किट घालून उभ्या होत्या त्यांत याच वयाच्या मुली होत्या.

मग वॉर्डात आज जे दिसतं ते काय आहे? बेल वाजली तरी सावकाश उठणं, नातेवाइकांशी तुटक बोलणं, 'माझा पेशंट नाही' म्हणणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची व्याख्या केली. हा आजार नाही, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की येणारी अवस्था आहे, असं तिथं स्पष्ट म्हटलंय. तिची तीन लक्षणं सांगितलीत: शक्ती संपून जाणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्याकडून काही धड होत नाही असं वाटणं. यातलं दुसरं लक्षण बाहेरून हुबेहूब 'सेवाभाव नाही' असं दिसतं. मुलगी रुजू झाली त्या आठवड्यातली आठवून बघा आणि आठ महिन्यांनंतरची बघा. सेवाभाव नसता तर पहिल्या आठवड्यातही दिसला नसता.

आता फॉर्मबद्दल. ते वाटले कोणी आणि गोळा केले कोणी? माझा अंदाज, तुम्हीच. ज्या बाई ड्युटी लावतात त्यांच्याच हातात 'मी असमाधानी' असं लिहिलेला कागद कोण देईल? आणि तो कागद इन्स्पेक्शनच्या फाइलला लागणार हेही मुलींना ठाऊक असतं. फॉर्म बाजूला ठेवा. एक पेटी ठेवा, नाव न घालता दोनच प्रश्न: गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी घरी जाताना बरं वाटलं? कोणत्या दिवशी नोकरी सोडावी असं वाटलं? दिवस आठवायला सांगितला की माणसं खरं लिहितात. 'तुम्ही समाधानी आहात का' याला तुम्ही आणि मी तरी काय उत्तर देऊ?

हे दोन प्रश्न वेगवेगळे का, तेही सांगते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी सुमारे दोनशे इंजिनिअर आणि हिशेबनिसांना असंच विचारलं होतं, आणि १९५९ मध्ये आपलं म्हणणं मांडलं. त्यांचं निरीक्षण असं, की माणसाला ज्यामुळे चीड येते ती कारणं वेगळी आणि ज्यामुळे कामात समाधान वाटतं ती वेगळी. पगार, कामाच्या वेळा, वरिष्ठांची वागणूक, नियम, हे बिघडलं की माणूस वैतागतो, पण सुधारलं म्हणून आपोआप खूश होत नाही. खुशी येते ती काम जमल्याची, कोणी दखल घेतल्याची, जबाबदारी मिळाल्याची. पुढे यावर वादही झाले, पण आपल्या कामाला हा विचार उपयोगी पडतो. तुमचा केक आणि सर्टिफिकेट हे दखल घेणंच होतं, मनापासूनच केलं असणार. पण खाली चिडीची कारणं तशीच होती. बेस्ट नर्स त्या रात्रीही २८ पेशंटना एकटीच होती ना?

या २८ वर दोन शब्द. भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष साध्या वॉर्डात पाच खाटांमागे एक नर्स असा आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयात तीनमागे एक आणि आयसीयूत एका खाटेला एक. २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १६८ रुग्णालयांतल्या दहा हजारांवर नर्सेसचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की नर्समागे एक पेशंट वाढला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि नोकरीबद्दल असमाधानाची १५ टक्क्यांनी वाढते. आणि ऑपरेशनच्या पेशंटचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यताही ७ टक्क्यांनी वाढते. हा शेवटचा आकडा साहेबांच्या टेबलावर ठेवण्यासारखा आहे. 'मुली दमतात' हे ऐकायला त्यांना वेळ नसेल, पण पेशंट दगावणं हे त्यांनाही नको आहे.

तुमच्या हातात काय आहे, हा तुमचा खरा प्रश्न. ताई, तुमच्या हातात ड्युटी लिस्ट आहे. पगाराखालोखाल मुलीच्या आयुष्यावर सगळ्यात जास्त सत्ता त्या एका कागदाची असते, आणि तो तुम्ही लिहिता.

माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगते. मी इन्चार्ज होते तेव्हा लिस्ट वरून खाली लिहायची. आधी सीनियर सिस्टरना हवं ते, मग उरलेल्या नाइट आणि सणाच्या ड्युट्या खालच्या मुलींना. एकदा एका मुलीनं बहिणीच्या साखरपुड्यासाठी एक दिवस मागितला. लिस्ट लागली होती, मी नाही म्हटलं. ती निमूटपणे आली, इव्हनिंग केली, सगळ्या पेशंटची औषधं वेळेवर दिली. तीन आठवड्यांनी राजीनामा. कारणाच्या रकान्यात 'घरगुती'. मी कित्येक वर्षं ते 'घरगुती' कारण खरं मानत होते.

म्हणून सांगते, शंभर पानी वही ठेवा, तिला मागणीची वही म्हणा. पुढच्या महिन्यात ज्या दोन दिवशी काहीही करून सुट्टी हवी ते दिवस प्रत्येकीनं आधी लिहायचे: गावची जत्रा, पोराची परीक्षा, साखरपुडा. लिस्ट त्या वहीवरून सुरू करा, सीनियॉरिटीवरून नको. लिस्ट किमान दोन आठवडे आधी लावा. दोघींनी आपसांत ड्युटी बदलली तर सही घेऊन मान्य करा, चौकशी करत बसू नका. गणपती, दिवाळी, ईद, नाताळ कोणी कोणी काम केलं त्याची वर्षावर्षाची नोंद ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी कोणाची पाळी नाही हे वहीच सांगेल.

आणि इव्हनिंग करून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग, हे बंदच करा. बघा काय होतं. ड्युटी आठला सुटते, पुढच्या पाळीला ओव्हर देऊन, म्हणजे पेशंटची माहिती सोपवून, निघेपर्यंत पावणेनऊ, तासगावच्या मुलीला गाडी मिळून घरी पोचायला दहा. जेवण, उद्याचा डबा, झोपायला साडेअकरा. सकाळी सातला परत वॉर्डात हजर व्हायचं तर पाचच्या आत उठायला हवं. पाच तास झोपलेल्या मुलीच्या हातात आपण इन्सुलिनची सिरिंज देतो. पाळी बदलायचीच तर मॉर्निंगकडून इव्हनिंगकडे आणि इव्हनिंगकडून नाइटकडे अशी पुढे सरकवा, उलटी फिरवलेली शरीराला जास्त जड जाते. नाइटच्या रांगेनंतरचा ऑफ सलग द्या. नाइटवरून सकाळी घरी गेली तो दिवस 'ऑफ' म्हणून मोजायची वाईट पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. तुमच्याकडे असेल तर ती आधी मोडा. यातल्या कशालाही मॅनेजमेंटचा एक रुपया लागत नाही.

दुसरं, एक आठवडाभर रेघा मारा. भिंतीवर एक कागद लावा आणि प्रत्येक सिस्टरनं जे काम नर्सिंगचं नाही ते केलं की एक रेघ ओढायची: औषधाच्या खिडकीपाशी जाऊन उभं राहणं, बिलिंगला फाइल पोचवणं, जनआरोग्य योजनेच्या पेशंटचे फोटो आणि कागद गोळा करणं, चादरी मोजणं, इन्शुरन्सवाल्यांचे फोन. आठवड्यानं मोजा. 'आम्हाला स्टाफ कमी पडतो' हे वाक्य साहेबांनी शंभरदा ऐकलेलं असतं. 'माझ्या सिस्टर आठवड्यात इतक्या वेळा औषधाच्या खिडकीसमोर उभ्या राहिल्या, त्या वेळात वॉर्डात कोणी नव्हतं' हे त्यांनी कधीच ऐकलेलं नसेल. एका वॉर्ड क्लार्कचा पगार त्यांना परवडेल, कारण ते गणित त्यांना कळतं.

खुर्चीचं तर आजच करा. नाइटच्या सिस्टरची खुर्ची, तिच्यावर पट्टी लावून, कोणालाही द्यायची नाही. आतून कडी लागणारी एक खोली आणि गरम पाणी, चहाची सोय. भडंग चविष्टच आहे, पण ते रात्रीचं जेवण नव्हे.

अपमानाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, तरी मी विचारते. राउंडच्या वेळी पेशंटसमोर मुलीवर ओरडणारे डॉक्टर तुमच्याकडे आहेत का? असतील तर तुम्ही तेव्हा काय करता? मुलगी चुकली असेल तरी 'सर, आपण बाहेर बोलू' एवढं वाक्य तुम्ही म्हटलंत तर ते पूर्ण स्टाफला दुपारपर्यंत कळतं. नातेवाईक अंगावर आले तर महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे. डॉक्टरांइतकंच नर्सेसनाही त्याचं संरक्षण आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. कायद्याची माहिती देणारा फलक बऱ्याच रुग्णालयांत असतो. पण तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात मुलीबरोबर कोण जातं, यावर तिचा विश्वास ठरतो. तुम्ही जा.

आता ज्यामुळे घरी जाताना बरं वाटतं त्याबद्दल. नवीन मुलीला पहिले तीन महिने एका जाणत्या सिस्टरशी जोडून द्या, दोघींच्या ड्युट्या शक्यतो एकत्र. कोणाला ड्रेसिंग छान जमतं, कोणाला लहान मुलांची शीर पटकन सापडते, कोणाला कन्नड येतं, ते ओळखा आणि ते काम तिला द्या, इतरांना शिकवायलाही सांगा. महिन्यातून एकदा अर्धा तास बसून वॉर्डातली एक अडचण मुलींनाच सोडवायला द्या आणि त्यांनी सुचवलेलं खरंच करून बघा. १९८३ मध्ये अमेरिकेत नर्सेसचा मोठा तुटवडा होता, तेव्हा एका अभ्यासात नर्सेस जिथं टिकून होत्या अशी ४१ रुग्णालयं निवडली आणि त्या तिथं का राहतात हे पाहिलं. कामाबद्दलचे निर्णय नर्सेसच्या हातात असणं आणि त्यांचं ऐकणाऱ्या नर्सिंग प्रमुख असणं, ही त्यातली मोठी कारणं होती. म्हणून गेलेल्या चौदांइतकंच राहिलेल्यांनाही विचारा: तू अजून इथं का आहेस? काय बदललं तर जाशील?

पगार तुमच्या हातात नाही हे खरं. पण मांडणं तुमच्या हातात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं नेमलेल्या समितीनं खासगी रुग्णालयांसाठी शिफारस केली: दोनशेहून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, शंभर ते दोनशे असतील तर त्याहून १० टक्क्यांपेक्षा जास्त कमी नको, पन्नास ते शंभर असतील तर २५ टक्क्यांपेक्षा जास्त कमी नको, आणि पन्नासच्या आत किमान २०,००० रुपये. तुमचं ११० खाटांचं रुग्णालय कुठं बसतं ते तुम्हीच बघा. ही शिफारस आहे, अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली, म्हणून उद्या पगार वाढेल असं मी म्हणत नाही. निदान पगार ठरल्या तारखेला व्हावा आणि फुटलेल्या बाटलीचे पैसे त्यातून कापले जाऊ नयेत, इथपासून सुरुवात करा. सोबत हेही मांडा: चौदा मुली गेल्या, प्रत्येक नवीन मुलीला एकटीनं वॉर्ड सांभाळता येईपर्यंत किती आठवडे गेले आणि तोवर डबल ड्युट्या कोणी केल्या.

बाँड आणि सर्टिफिकेटांना मात्र स्पष्ट नाही म्हणा. मूळ कागद अडकवून ठेवलेली मुलगी थांबेल, पण तिचं लक्ष दोन वर्षं कॅलेंडरवर असेल. शिवाय चांगल्या मुली अशा ठिकाणी अर्जच करणार नाहीत. मिरजेत हॉस्पिटलांना तोटा नाही आणि कुठल्या हॉस्पिटलात कागद अडवतात हे होस्टेलमध्ये सगळ्यांना माहीत असतं. साहेबांना तोंडी नकार जड जात असेल तर लेखी द्या: 'सहा महिने मला ड्युटी लिस्ट आणि वॉर्ड क्लार्कचा प्रयोग करू द्या, मग बोलू.' आणि तरीही त्यांनी कागद जमा करायचाच आग्रह धरला, तर ते काम तुमच्या सहीनं होऊ देऊ नका, आधी वकिलाला विचारा.

ताई, एक विचारायचं राहिलं. तुमचा स्वतःचा ऑफ गेल्या महिन्यात किती वेळा बुडाला? एखादी मुलगी आली नाही की तिची नाइट तुम्हीच करत असाल, असा माझा अंदाज आहे. मागणीच्या वहीत पहिल्या पानावर तुमचेही दोन दिवस लिहा. सगळ्या मुली ते बघतील आणि तेच हवं आहे.

आणि त्या कापड दुकानातल्या मुलीला फोन करा. आता ती तुमच्या हाताखाली नाही, खरं सांगेल. 'का सोडलंस' असं विचारू नका, ती परत 'घरगुती' म्हणेल. 'शेवटच्या महिन्यात कसं चाललं होतं गं?' एवढंच विचारा आणि ऐकत राहा. दुपारी तीनच्या सुमाराला करा, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक कमी असतं.